हौशाचा दुधाचा दात

हौशानं कडब्याच्या पेंढीकडं तोंड नेलं आणि मी ती पेंढी त्याच्यापुढून अशी हिसकली, की शेजारच्या दावणीवरचा गणपा मुळीक मोठ्यानं हसला.

"काय गं अंजिरा, जत्रंत आणून उपाशी मारतीस व्हय खोंडाला?"

"पोट सुटंल त्याचं," मी म्हणाले. "पंचांना बारीक पोटाचं जनावर आवडतं."

"पंच म्हंजे तुझा बापच की. तुला बरं ठाव, त्यांना काय आवडतं ते!"

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. त्यात विखार नव्हता. माझे वडील, केरू आबा, भैरोबाच्या आणि आसपासच्या जत्रांत सव्वीस वर्षं खिल्लार जनावरांची पारख करत होते. 'केरू आबाचा शब्द' म्हणजे आमच्या माणदेशात कोर्टाच्या निकालापेक्षा वरचा. एकदा त्यांनी सख्ख्या मेहुण्याचा बैल पायात खोट आहे म्हणून भर मैदानातून बाहेर काढला होता. माझी आई त्यानंतर वर्षभर माहेरी तोंड लपवून जायची. तेव्हा लेकीचं खोंड रिंगणात आहे म्हणून आबा पंचाच्या जागेवरून उठतील का, असं विचारायचंही कुणाच्या मनात आलं नाही.

पण पेंढी मी पोटासाठी हिसकली नव्हती. हौशाचा एक दात हलत होता.

ज्यांच्या दारात जनावर नाही त्यांना यात छाती धडधडण्यासारखं काय ते कळायचं नाही, म्हणून सांगते. खोंडाला खालच्या जबड्यात पुढं आठ दुधाचे दात असतात. ते आठही जागेवर आहेत तोवर खोंड 'आदत'. त्यातला एक जरी पडला, तरी त्याला वरच्या गटात जावं लागतं आणि तिथं त्याच्यापेक्षा वर्षा-दीड वर्षानं थोराड खोंडं उभी असतात. आदत गटात हौशासारखं देखणं खोंड त्या जत्रेत दुसरं नव्हतं, हे गणपा मुळीकसुद्धा मान्य करत होता. वरच्या गटात मात्र त्याला कुणी हिंग लावून विचारलं नसतं.

आणि मला पहिला नंबर हवाच होता. आमच्या ह्यांचा पाय विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून मोडला होता आणि घरात थोरल्या दिरांचा, हणमंत भावजींचा, शब्द चालत होता. हौशाची आई व्यायल्यावर तिसऱ्या दिवशी गेली. त्याला मी कापडाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवला होता. भावजींनी मला आठ दिवस आधी ओसरीवर बसवून स्वच्छ सांगितलं, "पैला नंबर आला तर खोंड वळू म्हणून दारात ऱ्हाईल. गावोगावच्या गाई येतील, माझी काय ना न्हाई. न्हाई आला, तर जत्रंतनंच व्यापाऱ्याच्या हाती जाईल. कारखान्याच्या गाड्यांना बैल पाहिजेत त्याला."

कारखान्याच्या गाड्यांचे बैल मी पाहिले होते. मानेवर तळहाताएवढ्या जखमा आणि त्यावर कावळे. आधी खोंडाला खच्ची करतात, मग जुवाला लावतात. हौशाच्या मानेवरून हात फिरवला की मला त्या जखमा आठवायच्या.

दात हलतोय हे मला दोन दिवसांपूर्वी कळलं. तो एकाच बाजूनं चावत होता. बोट घालून पाहिलं तर मधला दात हिरडीला नुसता धरून होता. दात बघायला मला आबांनीच शिकवलं होतं, लहानपणी. मी कुणालाच काही बोलले नाही. तोंडात आहे तोवर दात आहे, आणि दात आहे तोवर खोंड आदत आहे. यात लबाडी नव्हती. दोन दिवस मी त्याला गव्हाच्या कोंड्याची भिजवलेली पातळ आंबवणी घातली आणि भैरोबाला म्हणाले, पारखीच्या दिवशी अकरा वाजेपर्यंत एवढा एक दात सांभाळ बाबा.

"लाळ का गं गळतीया त्याची?" गणपा मुळीक अजून आमच्याकडंच बघत होता. त्याचंही खोंड आदत गटात होतं आणि हौशा नसता तर पहिला नंबर त्याचाच होता.

"गूळ खाल्लाय त्यानं."

"असं? मग हे बी खाऊ दे." त्यानं हातातल्या उसाचं कांडं मोडलं आणि हसत हसत हौशाच्या तोंडापुढं धरलं.

हौशानं जीभ बाहेर काढली. मी मध्ये हात घालून ते कांडं ओढून घेतलं आणि काहीच सुचेना म्हणून स्वतःच दातांनी सोलून खायला लागले. गणपा माझ्याकडं बघतच राहिला.

"भूक लागलीया मला," मी म्हणाले. "सकाळपास्नं चहा बी न्हाई."

"ऊस मागून घ्यायचास की. खोंडाच्या तोंडातला कशाला?" तो म्हणाला आणि पुन्हा हसला. पण आता त्याचे डोळे हसत नव्हते.

तेवढ्यात मैदानावर हलगी कडाडली. पलीकडं धनगरांच्या कारवानी कुत्र्यांची पळण्याची चढाओढ लागली होती. माणसं दोन्ही बाजूंनी ओरडत होती. त्यातलं एक लांबलचक पिवळं कुत्रं दोरी तोडून सुटलं आणि थेट आमच्या दावणीत शिरलं. खोंडं उधळली. हौशा मागच्या पायांवर उठला आणि खाली येताना त्याचा जबडा माझ्या खांद्यावर असा आदळला, की माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी खांदा सोडून आधी त्याचं तोंड धरलं. ओठ वर करून पाहिलं. दात होता. वाकडा झाला होता, पण होता. मला तिथंच रडू फुटलं.

भावजी धावत आले. "लागलं का?"

"न्हाई भावजी."

"मग रडतीस कशाला? चल, नाव पुकारलंय. हा व्यापारी बी आलाय बघ, कडंला हुबा हाय." त्यांनी बोट केलं तिकडं पांढरा सदरा घातलेला एक जाडा माणूस शेंगा फोडत उभा होता. त्याच्या खांद्यावर नवी दोरी होती.

रिंगणात सात खोंडं होती. बाकी सगळी गड्यांच्या हातात, हौशा तेवढा बाईच्या. लोक कुजबुजले, पण मला त्याचं काही नव्हतं. माझं लक्ष आबांवर. पांढरा फेटा, छातीवर पंचाचं लाल फूल, बाजूला वही घेऊन जनावरांचे डॉक्टर बोधे. सकाळी देवळात तिन्ही पंचांनी भैरोबाच्या गुलालाच्या ताटावर हात ठेवून 'जे हाय तेच बोलू' अशी शपथ घेतली होती. तेच ताट आता रिंगणाच्या मधोमध चौरंगावर होतं. पहिल्या आलेल्या खोंडाच्या कपाळाला त्यातला गुलाल मुख्य पंच आपल्या हातानं लावतो. तशी तिथली रीत आहे.

आधी दात. आबांची दात बघायची पद्धत सगळ्या मुलखाला ठाऊक होती. जबड्याच्या कडेनं उजव्या हाताची दोन बोटं आत सरकवायची, नजर दुसरीकडंच, आणि डोळे मिटून माळ ओढावी तशी बोटं दातांवरून फिरवायची. दुसरे पंच ओठ फाकवून, मान वाकवून बघत बसायचे. आबांना ते कमीपणाचं वाटायचं.

ते एकेक खोंड बघत आले. "आदत." पुढं. "आदत." पुढं. डॉक्टर वहीत खूण करत होते. गणपाचं खोंड झालं आणि आबा हौशापुढं उभे राहिले. माझ्याकडं त्यांनी ओळख दाखवून पाहिलं नाही. मला त्याचं बरंच वाटलं. हौशानं त्यांना हुंगलं आणि तोंड पुढं केलं, शहाण्यासारखं.

बोटं आत गेली. आबा समोरच्या टेकडीकडं बघत होते. मी कासरा घट्ट धरून त्यांचं मनगट बघत होते. बोटं फिरली. मग हात बाहेर आला, लाळेनं ओला, आणि मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात अडकलेला तो दात मला दिसला. तांदळाच्या कणीएवढं रक्त त्याला लागलं होतं.

आबांची बोटं मिटली. हात खाली आला आणि धोतराच्या बाजूला मुठीसारखा राहिला.

"आदत," आबा म्हणाले. "आठीच्या आठ दुधाचे."

डॉक्टरांनी खूण केली. कुणीच पाहिलं नव्हतं. फक्त मी.

पहिल्यांदा झाला तो आनंद, खोटं कशाला सांगू! आबांनी माझ्यासाठी केलं. ज्यांनी मेहुण्याला सोडलं नाही त्यांनी लेकीला सांभाळलं. आयुष्यभर ज्यांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं, त्यांनी आज भर मैदानात माझ्यासाठी मूठ मिटली. हौशा माझ्या दारात राहणार होता.

मग चालीची पारख सुरू झाली. एकेका खोंडाला रिंगणाभोवती फिरवायचं. वशिंड, शिंगं, खूर, शेपटीचा गोंडा, सगळं बघायचं. मी हौशाला घेऊन फिरत होते आणि प्रत्येक वळणावर माझी नजर त्या मुठीवर जात होती. ती उघडत नव्हती. आबांनी डाव्या हातानं फेटा सारखा केला, डाव्या हातानं हौशाच्या पाठीवर थाप मारली. उजवा हात तसाच. अर्धा तास. दुसरं वळण घेताना माझा आनंद विरून गेला होता. सव्वीस वर्षांची शपथ त्या मुठीत आवळून हा माणूस उन्हात उभा आहे आणि ते माझ्यापायी. 'कोंडा घालून दात राखला त्यात लबाडी नव्हती,' असं मी स्वतःला सांगत होते. पण आता जी चालली होती ती लबाडी होती, आणि ती मी बघत होते.

कर्ण्यातून आवाज आला, "आदत गट, पैला नंबर... हणमंत बाबर यांचं खोंड, हौशा!"

हलग्या कडाडल्या. भावजींनी पागोटं हवेत उडवलं. व्यापाऱ्यानं हातातली टरफलं झाडली आणि तो वळला. मी हौशाची मान धरली. तिचा उबदार वास मला अजून येतो.

आबा चौरंगाकडं गेले. गुलालाच्या ताटाकडं त्यांनी उजवा हात नेला. सवयीनं, मूठ घेऊनच. ज्या ताटावर सकाळी शपथ घेतली त्याच ताटात तो हात. आणि त्या हातानं हौशाला गुलाल लागणार.

"आबा, थांबा!"

मी ओरडले ते इतकं मोठ्यानं, की हलगीवाले थांबले.

"दात पडलाय, आबा. तुमच्या मुठीत हाय त्यो."

एवढ्या मोठ्या मैदानात कुठल्यातरी घोडीच्या पायातल्या घुंगरांशिवाय काही ऐकू येईना. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मग हात ताटावरून मागं घेतला, डाव्या हातानं मूठ उघडली आणि तळहाताकडं बघत राहिले. किती वेळ, कोण जाणे. तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसं बघत होते. मला वाटलं, लाजले.

डॉक्टर बोधे पुढं झाले. "आबा? अहो, हे काय?"

आबांनी तळहात सगळ्यांना दाखवला.

"दात हाय," ते म्हणाले. आवाज खणखणीत होता. "मी लपवला. लेकीचं खोंड हाय. माया आली. लबाडी केली."

मग जो गिल्ला झाला तो काय सांगावा! कुणी शिव्या दिल्या, कुणी माती उधळली. ज्यांची जनावरं आबांनी आजवर बाहेर काढली होती ते सगळे एकदम बोलायला लागले. गणपा मुळीकचा नंबर वर आला, पण त्याला आनंद करायचं सुचेना. तो नुसता म्हणत होता, "आबा, तुमच्यावर देवासारखा इस्वास होता हो आमचा. देवासारखा." आबांनी छातीवरचं लाल फूल काढून चौरंगावर ठेवलं आणि गर्दीतून वाट काढत गेले. माणसं बाजूला सरकली, पण कुणी रामराम केला नाही.

भावजींनी माझ्याकडं पाठ केली. व्यापाऱ्याला हाक मारली. त्यानं आपली नवी दोरी हौशाला बांधली आणि भावजींनी आमचं दावं सोडून घेतलं. माझ्या पदराला हौशानं दोनदा ओढ दिली. ट्रकच्या फळीवर तो चढेना, तेव्हा व्यापारी म्हणाला, "बाई, तुम्ही चढा पुढं, म्हंजे येईल." मी चढले. तो माझ्यामागं चढला. मग मी उतरले.

मैदानाच्या टोकाला बाभळीखाली आबा एकटे बसले होते, बिडी ओढत. मी तणतणत गेले. हौशा गेला होता, आबांचं नाव गेलं होतं आणि माझ्या जिवाची नुसती आग होत होती.

"कशाला केलंत माझ्यासाठी?" मी म्हणाले. "कुणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं का?"

आबांनी माझ्याकडं मान वळवली. मग त्यांनी हळूच विचारलं, "कवा पडला गं त्यो? बोटं आत घालताना, का काढताना?"

"आता मलाच इच्चारताय? तुमच्याच हातात..." मी म्हणाले आणि तिथंच अडखळले.

बिडी त्यांच्या बोटांपर्यंत जळत आली होती. निखारा कातड्याला टेकला होता आणि आबा माझ्या तोंडाकडं बघत होते. मी झडप घालून ती बिडी उडवली. त्यांचा हात हातात घेतला. दोन्ही बोटांच्या पेरांवर डाग होते, जुने, नवे, काही अजून ओले. बोटं अर्धी वळलेली. मी ती सरळ केली की पुन्हा आपोआप आत वळत.

"आबा... तुम्हाला कळलंच न्हाई?"

"दीड वरीस झालं," ते म्हणाले. "आधी मुंग्या यायच्या. आता काईच न्हाई. दुसऱ्या कुणाचा हात बांधल्यावानी वाटतंय."

"मग दात कसं बघता?"

"अंगावरनं बघतो. शिंगावरनं, खुरावरनं. बोटं नुसती फिरवायची. वय चुकत न्हाई गं माझं, भौतेक."

"भौतेक?"

त्यांनी नजर मैदानाकडं वळवली.

"मग घरी का न्हाई बसलात? गेल्या वर्षीच का न्हाई बसलात?"

"घरी बसून काय करू?" आबा एकदम चिडून म्हणाले. "मला दुसरं काय येतंय?" मग त्यांचा आवाज बसला. "पुढल्या वर्षी सोडायचं, असंच म्हणत ऱ्हायलो."

"पर मग खोटं का बोललात मगाशी? सांगायचं की हात गेलाय म्हणून. आजाराला कोण हसलं असतं?"

"दीड वर्सात अकरा जत्रा केल्या मी," आबा म्हणाले. "माझ्या शब्दावर लोकांनी खोंडं ठेवली, खोंडं इकली. वळूला गाई दावल्या. हात मेलाय म्हणलो असतो, तर त्या सगळ्यांनी घरी जाऊन आपापलं जनावर परत बघितलं असतं. भावाभावांत भांडणं लागली असती. लबाड झालो तर आजच्या दिवसापुरता झालो. येका खोंडापुरता." त्यांनी माझ्या हातातून हात काढून घेतला. "कुणाला बोलायचं न्हाई. तुझ्या आईला बी न्हाई."

मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. मी गप्प बसले असते, तर ती मूठ गुलालात गेली असती आणि दात गुलालात पडून हरवला असता. कुणालाच कळलं नसतं. आबांनासुद्धा. हौशा त्या संध्याकाळी माझ्याबरोबर घरी चालत आला असता. हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं आणि आबांना ते माझ्याआधी कळलं असणार. पण ते मला त्याबद्दल एका शब्दानंही कधी बोलले नाहीत.

त्यानंतर बारा वर्षं ते जगले. एकाही जत्रेला गेले नाहीत. वाटेनं जाताना एखाद्या दारात खोंड दिसलं तर तोंड फिरवून पुढं जायचे. गावातली टवाळ पोरं मागून दात वाजवायची, तेही त्यांनी ऐकून घेतलं.

दहाव्याला ओढ्याच्या काठी पाचपन्नास माणसं जमली होती. गणपा मुळीकही आला होता, काठी टेकत. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे बसले होते, आणि अशा वेळी माणसं बोलतात तसं बोलत होते.

"असा पारखी पुन्यांदा हुणार न्हाई," मुळीक सांगत होता. "सव्वीस वर्सांत येकदाच घसरला बिचारा, आन् तो बी लेकीच्या मायेपुढं. बापाचं काळीज!" त्याचे डोळे भरून आले होते. तो माझ्याकडं वळला. "पोरी, तुझ्यावर लई जीव होता त्यांचा. तुझ्यासाठी इमान सोडलं त्यांनी."

माझ्या ओठांवर आलं होतं. की त्यांनी माझ्यासाठी कधी, काहीही सोडलं नाही. की त्यांच्या बोटांना कळलं असतं, तर हौशाला आणि मला त्यांनी त्याच क्षणी, सगळ्यांच्या आधी, रिंगणाबाहेर काढलं असतं, आणि मागं वळून पाहिलंही नसतं. असा बाप होता माझा.

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती.

"व्हय, मुळीकमामा," मी म्हणाले. "लई जीव होता."